सेवा घेण्याचा धर्म

गृहस्थाश्रम हा इतर सर्व आश्रमांचा आधार होय, असे आपले धर्मशास्त्र सांगते. ब्रह्मचारी, वानप्रस्थ व संन्यासी हे तिघेही गृहस्थाच्या अन्नावर जगतात. अतिथीला आसन, भुकेल्याला घास, वृद्धांची शुश्रूषा, मुलांचे पालन ही सर्व देण्याची कर्मे गृहस्थाकडे आली आहेत. त्यामुळे गृहस्थाचे सारे शिक्षण देण्याचे शिक्षण असते. कसे द्यावे, कोणाला द्यावे आणि देताना मन कसे असावे, हे तो बालपणापासून ऐकत आलेला असतो. परंतु घ्यावे कसे, हे त्याला सहसा कोणी शिकवीत नाही. मग आयुष्याच्या उतरणीवर एखादा दिवस असा येतो की, ज्याने चाळीस वर्षे घर चालविले त्याला पाण्याचा पेला भरून घेण्यासही दुसऱ्याच्या हाताची वाट पाहावी लागते. त्या दिवशी त्याच्या ज्ञानाची खरी परीक्षा होते.

आजच्या काळात हा दिवस पुष्कळ घरांत एका विशिष्ट रूपाने येतो. खुब्याचा सांधा झिजतो, किंवा रक्तपुरवठा तुटल्याने मांडीच्या हाडाचा गोळा निकामी होतो, किंवा पडण्याचे निमित्त होऊन त्या हाडाची मान मोडते. शेवटी कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रियेस फार तर दोन तास लागतात. त्यानंतरचे सहा ते बारा आठवडे मात्र रोग्याच्या व घरच्यांच्या स्वभावाची कसोटी पाहतात. ह्या काळात मनुष्याने कसे वागावे, दुसऱ्याची सेवा घेणे ही दुर्बलता की धर्म, आणि देह जीर्ण होत असता त्याला नवा सांधा लावणे हा मोह तर नव्हे, असे प्रश्न अनेक विचारी माणसांना पडतात. त्यांचा विचार गीतेच्या प्रकाशात करणे योग्य होईल.

शेवटचा प्रश्न प्रथम घेऊ. जीर्ण वस्त्र टाकून मनुष्य नवे वस्त्र घेतो, त्याप्रमाणे देही जीर्ण शरीर टाकून नवे शरीर घेतो, हा दुसऱ्या अध्यायातील दृष्टान्त सर्वांच्या तोंडी आहे. त्यावरून कोणी म्हणेल, ‘वस्त्र टाकावयाचेच आहे, तर त्याला ठिगळ लावण्याची एवढी खटपट कशाला?’ परंतु हा तर्क घराच्या व्यवहारातही टिकत नाही. वस्त्र जीर्ण होण्यापूर्वी एके ठिकाणी उसवले, तर शहाणी गृहिणी ते टाकून देत नाही, शिवते. उसवलेले वस्त्र शिवल्याने तिचा त्या वस्त्रावर मोह जडला असे होत नाही. तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी स्पष्टच सांगितले आहे की, कर्म सोडले तर देहाची यात्रादेखील चालणार नाही. देह हे साधन आहे. साधन दुरुस्त ठेवणे वेगळे व साधनालाच साध्य मानणे वेगळे. आणखी वीस वर्षे मंदिराच्या पायऱ्या चढता याव्यात, नातवंडाला शाळेत पोचविता यावे, कोणावर भार होऊ नये, अशा बुद्धीने केलेली दुरुस्ती कर्तव्यात मोडते. मात्र नवा सांधाही अनित्यच आहे, हे विसरू नये. तो वीस-पंचवीस वर्षे टिकू शकतो, परंतु धातू आणि प्लास्टिकही झिजते. जन्म, मृत्यू, जरा व व्याधी ह्यांतील दोष पाहणे हे ज्ञानाचे लक्षण आहे असे तेराव्या अध्यायात म्हटले आहे. तो विचार शस्त्रक्रियेने खोटा ठरत नाही. फक्त त्याला काही वर्षांची सवड मिळते.

ह्या शस्त्रक्रियेचा इतिहासही बोधप्रद आहे. आज प्रचलित असलेल्या पद्धतीचा पाया इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली ह्या शल्यविशारदाने घातला. त्याने धातूचा लहान गोळा व प्लास्टिकची उखळी अशी जोडणी केली आणि दोन्ही भाग हाडात विशिष्ट सिमेंटने बसविले. पण उखळीसाठी त्याने प्रथम निवडलेले टेफ्लॉन दोन-तीन वर्षांतच झिजू लागले, आणि त्याच्या कणांनी आतील मांस सुजू लागले. शेकडो रोग्यांच्या बाबतीत आरंभी मिळालेले यश असे हातचे गेले. चार्नलीने अपयश लपविले नाही. निकामी झालेले सांधे त्याने पुन्हा उघडले, दुसरे द्रव्य शोधले, आणि त्या द्रव्यांचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. नव्या, अधिक घट्ट पॉलिथिलीनची उखळी त्याने नोव्हेंबर १९६२ मध्ये रोग्यास प्रथम बसविली, आणि तेथून ह्या उपचाराला स्थैर्य आले. सिद्धी व असिद्धी ह्यांत निर्विकार राहणारा, धैर्य व उत्साह न सोडणारा कर्ता सात्त्विक, असे अठराव्या अध्यायात वर्णन आहे. ते वर्णन शस्त्रक्रियेच्या मेजापाशी उभ्या असलेल्या परदेशी मनुष्यालाही लागू पडते. आणि ज्याच्या देहात आज तो सांधा आहे त्याने हे जाणावे की, ज्यांना त्याने कधी पाहिले नाही अशा अनेकांच्या श्रमांवर तो उभा आहे. ‘मी कोणाचे काही घेत नाही’ ही भाषा येथेच संपते.

आता रोग्याच्या दिनचर्येकडे वळू. शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी त्याला उभे करतात. वॉकर धरून तो चार पावले टाकतो. अंथरुणावर पडल्या पडल्या पावले वरखाली हलवावयाची असतात, म्हणजे पायांतील रक्त साकळत नाही. दीर्घ श्वास घ्यावयाचे असतात, म्हणजे छाती भरत नाही. वेदनाशामक औषधांनी कोठा जड होतो, पायाला सूज येते, रात्री झोप मोडते. शस्त्रक्रिया पाठीमागच्या बाजूने झाली असेल तर काही आठवडे तीन निर्बंध बहुधा सांगितले जातात: खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवू नये, पायावर पाय टाकू नये, आणि शस्त्रक्रियेचा पाय आत वळवू नये. निजताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी लागते. समोरून केलेल्या शस्त्रक्रियेत निर्बंध निराळे व सौम्य असतात. म्हणून शेजारच्या घरी काय सांगितले होते ते प्रमाण मानू नये, आपल्या शल्यविशारदाचे शब्द प्रमाण मानावेत. काठी वापरण्याची वेळ आली की ती शस्त्रक्रियेच्या पायाच्या उलट हातात धरावयाची. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावयाचा, उतरताना शस्त्रक्रियेचा. दोन्ही वेळी देहाचा भार सबळ पायच उचलतो. एकत्र कुटुंबाची रीतही अशीच आहे: पुढे कोणीही असो, ज्याच्या अंगी बळ आहे त्याने भार घ्यावयाचा.

ह्या दिनचर्येत पहिला अडथळा वेदनेचा येतो. वेदनेच्या भयाने पुष्कळ रोगी हालचाल टाळतात आणि म्हणतात, ‘आता विश्रांतीच बरी.’ शरीराला क्लेश होतील ह्या भीतीने कर्म सोडणे हा राजस त्याग होय आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही, असा गीतेचा निर्णय आहे. येथे तो निर्णय अक्षरशः खरा ठरतो. जो पाय हलवीत नाही त्याचे स्नायू दुबळे होतात, रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, आणि अंथरुण लांबते. जे सुख आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे असते ते सात्त्विक, ह्या वचनाचा अर्थ सकाळच्या पहिल्या दहा पावलांत जितका कळतो, तितका टीकाग्रंथांतही कळत नसेल.

पण ह्याच्या उलट टोकाची चूकही तितकीच घातक आहे. काही उत्साही माणसे डॉक्टरांनी दहा पावले सांगितली तर पन्नास चालतात आणि त्यालाच पुरुषार्थ समजतात. आहार, विहार, कर्म, निद्रा व जागरण ही ज्याची युक्त म्हणजे प्रमाणशीर आहेत, त्याचा योग दुःखाचा नाश करतो, असे सहाव्या अध्यायात सांगितले आहे. तेथे अतिशय खाणाऱ्याइतकेच अजिबात न खाणाऱ्यालाही योगाबाहेर ठेवले आहे. महाभारतात द्रोणपर्वात ह्याचे मोठे सुंदर उदाहरण आहे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. एकेक घटका मोलाची होती. तरीही घोडे बाणांनी विद्ध होऊन थकलेले दिसताच अर्जुनाने रणाच्या मध्यभागी बाणांचा निवारा केला, भूमी भेदून सरोवर निर्माण केले, आणि श्रीकृष्णांनी स्वतःच्या हातांनी घोड्यांच्या अंगातील बाण काढून त्यांना न्हाऊ घातले, पाणी पाजले, चारा दिला. त्या विश्रांतीने प्रतिज्ञा मोडली नाही. उलट ती विश्रांती न घेतल्यास मोडली असती. कठोपनिषदाने शरीराला रथ व इंद्रियांना घोडे म्हटले आहे. थकलेल्या घोड्यांना थांबविणे हे सारथ्याचे कामच होय. दुपारी एक तास पडून राहताना ज्या गृहस्थाला आपण आळशी झालो असे वाटते, त्याने जगाच्या सारथ्याच्या हातातील तो खरारा आठवावा.

तितिक्षा ह्या शब्दाचाही येथे नीट विचार केला पाहिजे. शीत व उष्ण, सुख व दुःख हे येतात आणि जातात, ते सहन करावेत, असा भगवंतांचा उपदेश आहे. त्याचा अर्थ दुःख लपवावे असा नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी योग्य मात्रेत घेतल्याने तितिक्षा भंग पावत नाही. गोळी घेऊन व्यायाम करणारा हा गोळी नाकारून निश्चल पडणाऱ्यापेक्षा धर्माच्या अधिक जवळ आहे. पोटरी सुजून दुखू लागली, श्वास लागला, छातीत कळ आली, जखमेतून पाणी येऊ लागले, ताप चढला, किंवा पाय एकाएकी आखूड वा वळलेला दिसला, तर ते ताबडतोब सांगणे हेच कर्तव्य आहे. ‘मुलाला उगाच धावपळ नको’ म्हणून असे लक्षण झाकून ठेवणारा स्वतःला सहनशील समजतो, पण वस्तुतः ते अज्ञान आहे. सहन करावयाचे ते अटळ दुःख. ज्याचा उपाय करता येतो ते दुःख सांगावयाचे असते.

आता मुख्य प्रश्न. असा एक गृहस्थ कल्पावा की, जो तीस वर्षे शाळेत मुख्याध्यापक होता. पत्नी निवर्तली आहे. घरी मुलगा, सून व दोन नातवंडे आहेत. स्वतःचे कपडे स्वतः धुण्याचा त्याचा नियम. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि तो पाचव्या दिवशी घरी आला. सुनेने वाटेतील पायपुसणी उचलली, न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवली, उंच कमोडची सोय केली, रात्री मंद दिवा लावला, आणि सांगितले, ‘मामंजी, रात्री उठायचे झाले तर मला हाक मारा.’ त्याने मान हलविली. पण आठव्या रात्री तो उठला तेव्हा त्याला वाटले, दिवसभर राबलेल्या मुलीला कशाला उठवावे! तो वॉकर सोडून काठी घेऊन निघाला. दारापाशी काठी हातातून निसटून खाली पडली. ती उचलण्यासाठी तो सवयीने कमरेतून वाकला, आणि नवा सांधा उखळीतून निखळला. घर जागे झाले, रुग्णवाहिका आली, पुन्हा भूल द्यावी लागली. सांधा जागेवर बसला, पण निर्बंधांची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी लागली. दुसऱ्या दिवशी सून त्याच्या उशाशी बसली होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘मामंजी, हाक मारली असती तर माझी दहा मिनिटे गेली असती. तुम्ही मला परके मानलेत, ह्याचे वाईट वाटते.’

ह्या गृहस्थाच्या मनात दया होती, हे कोणी नाकारणार नाही. परंतु दयेच्या आत दुसरेही काही होते. आयुष्यभर दुसऱ्याला देत आलेल्या मनाला घेताना लाज वाटते. आणि ती लाज हा अहंकाराचाच एक सभ्य वेष असतो. ‘मी देणारा’ ही भूमिका त्याला सुटत नाही. कर्माची पाच कारणे सांगताना गीतेने अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा व दैव ही एकत्र मोजली आहेत, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी खरी नाही असे म्हटले आहे. निरोगी असताना ही गोष्ट वाचून समजते. वॉकर धरून उभे राहिल्यावर ती अनुभवास येते. प्रत्येक पावलामागे सांध्याचे कारागीर आहेत, शल्यविशारद आहे, परिचारिका आहे, फरशी पुसणारी सून आहे, आणि ह्या सर्वांपलीकडचे दैव आहे. मनुष्य आधी स्वावलंबी होता आणि आता परावलंबी झाला, असे खरे घडलेलेच नसते. तो पूर्वीही इतरांवर अवलंबून होता. आता ते त्याला दिसू लागले एवढेच.

यज्ञचक्राचा विचार केला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. देव व मनुष्य ह्यांनी एकमेकांचे पोषण करावे आणि त्या परस्परपोषणाने श्रेय मिळवावे, असे तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. घेऊन न देणाऱ्याला तेथे चोर म्हटले आहे. पण चक्र दोन ठिकाणी अडू शकते. कोणी देईनासा झाला तर ते अडते, तसेच कोणी घेईनासा झाला तरी अडते. अग्नीने आहुती स्वीकारलीच नाही, तर यज्ञ कसा होणार? पुंडलिकाची मातृपितृभक्ती सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यामुळे पांडुरंग आजही पंढरपुरास विटेवर उभा आहे, ही श्रद्धा घरोघरी आहे. परंतु पुंडलिकाच्या आईबापांचा विचार फारसा कोणी करीत नाही. त्यांनी जर संकोचाने पाय मागे घेतले असते, ‘राहू दे, आमचे आम्ही पाहू’ असे म्हटले असते, तर पुंडलिकाला सेवा कोठे मिळाली असती? त्या वृद्धांनी शांतपणे सेवा घेतली, म्हणूनच देवाला दारात थांबावे लागले. सेवा घेणारा असा कधी कधी सेवकाच्या भाग्याचे निमित्त होतो.

ह्याचा अर्थ घेणाऱ्याला कोणतेही बंधन नाही असा मात्र नव्हे. सेवा घेण्याचाही धर्म आहे, आणि तो कठीण आहे. तो कसा पाळावा हे पितामह भीष्मांनी दाखविले आहे. रणात पडल्यावर त्यांचे मस्तक लोंबकळत होते. त्यांनी उशी मागितली. राजांनी मऊ मऊ उशा आणल्या. पितामहांनी त्या हसून परत केल्या आणि अर्जुनाकडे पाहिले. अर्जुनाने तीन बाणांची उशी दिली. पुढे तहान लागली तेव्हा इतरांनी आणलेले घट बाजूस सारून त्यांनी पुन्हा अर्जुनालाच सांगितले, आणि त्याने भूमीतून शीतल धारा काढून दिली. ह्या प्रसंगात तीन गोष्टी दिसतात. एक, इतका मोठा ज्ञानी व वीरही आपली गरज सरळ शब्दांत सांगतो. मनातल्या मनात कुढत बसत नाही. दुसरी, तो गरजेपुरतेच घेतो आणि आपल्या स्थितीला शोभेल असेच घेतो. ऐषआरामाची मागणी करीत नाही. तिसरी, ज्याने त्यांना बाणांनी पाडले त्याच्याच हातून घेताना त्यांच्या मनात किल्मिष नाही. अशा अवस्थेत ते अठ्ठावन्न रात्री होते, म्हणजे सुमारे आठ आठवडे. आणि त्याच शय्येवरून त्यांनी युधिष्ठिराला राजधर्म व मोक्षधर्म सांगितला. ज्याला हलता येत नाही त्याच्याजवळ देण्यासारखे काहीच उरत नाही, ही समजूत त्यांनी खोटी ठरविली.

अलीकडच्या इतिहासातही असे उदाहरण सापडते. महात्मा गांधींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’ लिहून आधुनिक वैद्यकावर कठोर टीका केली होती. पुढे येरवड्याच्या तुरुंगात असताना आंत्रपुच्छाचा विकार बळावला आणि १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक ह्या इंग्रज शल्यविशारदाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली. ज्या राज्याशी त्यांचा लढा होता त्याच राज्याच्या अधिकाऱ्याच्या हाती त्यांनी आपला देह विश्वासाने सोपविला. लढा सुटला नाही आणि विश्वासही उणा पडला नाही. स्वाभिमान आणि सेवेचा स्वीकार ह्यांत विरोध नाही, हे एवढ्यावरून दिसून येईल.

घेणाऱ्याची दुसरी चूक ह्याच्या अगदी विरुद्ध असते. काही रोगी आजाराचे सिंहासन करतात. घंटेगणिक हाका, चहा गार झाला म्हणून संताप, ‘आम्ही तुमच्यासाठी काय काय केले’ ही उजळणी. अशाने सेवा करणाऱ्याचे मन करपते. उपकाराची परतफेड ज्याच्याकडून होणार नाही त्याला दिलेले दान सात्त्विक, असे गीता म्हणते. पण हे देणाऱ्याने स्मरावयाचे आहे, घेणाऱ्याने त्यावर हक्क सांगावयाचा नाही. जे स्वतःला करता येते ते स्वतः करावे, जे करता येत नाही ते निःसंकोच मागावे, आणि मिळाल्यावर दोन गोड शब्द बोलावेत. आपल्या घरांत आभार मानण्याची रीत कमी आहे. तरी सुनेला किंवा सेविकेला दुपारी ‘आता तू थोडी पड’ असे म्हणण्यास कोणती रीत आड येते? मुलानेही हे पाहावे की, शुश्रूषेचा सारा भार एका स्त्रीच्या अंगावर पडलेला नाही. पित्याचे पाय चेपण्याचे पुण्य मुलाचे आणि रात्री उठण्याचे कष्ट सुनेचे, अशी वाटणी धर्माला मान्य नाही.

धर्मनिष्ठ घरांत आणखी एक दुःख असते, आणि ते लहान नाही. जन्मभर पाटावर मांडी घालून पूजा केलेली असते; आता मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, साष्टांग नमस्कार घालता येत नाही, पंगतीला खाली बसता येत नाही. कित्येकांना तर पुढेही फार खाली बसणे टाळण्याचा सल्ला मिळतो. खुर्चीवर बसून केलेली पूजा देवाला पोचेल काय, अशी शंका वृद्धांना खरोखर छळते. त्यांनी सहावा अध्याय पुन्हा वाचावा. आसन कसे असावे हे तेथे सांगितले आहे: शुद्ध जागी, स्थिर, फार उंच नाही व फार खालीही नाही, आणि शरीर, मस्तक व मान सरळ असावी. पाय कसे दुमडावेत ह्याविषयी तेथे एक अक्षरही नाही. हात टेकण्याजोगी, गुडघे खुब्यापेक्षा खाली राहतील अशी भक्कम खुर्ची घ्यावी, देव्हारा चौरंगावर उंच करावा, आणि पूजा करावी. पंढरीचा देव तर स्वतः उभा आहे. त्याच्यापुढे उभ्याने हात जोडणाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण नाही. पान, फूल, फळ, पाणी ह्यांपैकी काहीही भक्तीने दिले तरी भगवंत स्वीकारतात. तेथे गुडघ्यांची अट कोणी घातलेली नाही.

ह्या आठवड्यांत मन फार चंचल होते, कारण देहाची गती मंदावल्यावर त्याला करावयास काही उरत नाही. शेजारचा मनुष्य तिसऱ्या आठवड्यात जिना चढला, आपण का नाही? पाय पूर्वीसारखा होईल ना? खर्च झाला तो व्यर्थ तर जाणार नाही? अशी चक्रे फिरत राहतात. मन जेथे जेथे पळेल तेथून तेथून त्याला परत आणावे, असे भगवंतांनी सांगितले आहे. ‘पळूच देऊ नये’ असे सांगितलेले नाही. मन पळणार हे धरूनच उपाय दिला आहे. त्याला परत आणण्याची जागा म्हणजे आजचे काम. आज वीस वेळा पाऊल हलवावयाचे, चार वेळा चालावयाचे, वेळेवर औषध घ्यावयाचे. एवढ्यावर मनुष्याचा अधिकार आहे. हाड केव्हा धरेल, सूज केव्हा उतरेल, हे त्याच्या हातात नाही. बहुतेकांना तीन महिन्यांत नेहमीचे व्यवहार करता येतात, आणि त्यापुढेही वर्षभर थोडी थोडी सुधारणा होत राहते. परंतु प्रत्येक देहाचा काळ वेगळा. फळाकडे न पाहता कर्म करण्याचा उपदेश अनेकांना अव्यवहार्य वाटतो. खुब्याच्या रोग्याला मात्र त्याहून व्यवहार्य उपदेश दुसरा मिळणार नाही. कारण जो रोज फळ मोजतो तो खचतो, आणि जो रोजचे काम करतो त्याला एके सकाळी आढळून येते की आपण काठी विसरून स्वयंपाकघरापर्यंत आलो आहोत.

त्या सकाळी काठी कोपऱ्यात ठेवली जाईल. तेव्हा ह्या आठवड्यांत जे शिकावयास मिळाले तेही तिच्याबरोबर कोपऱ्यात जाऊ नये. ज्याने घेताना किती अवघड वाटते हे अनुभविले, तो पुढे देताना अधिक जपून देईल. दाराशी आलेल्याला देताना त्याची मान खाली जाणार नाही, ह्याची तो काळजी घेईल. आपल्याच आळीत असे वृद्ध असतात की ज्यांना रात्री हाक मारावयास घरात कोणी नाही. मुले दूरदेशी आहेत, किंवा नाहीतच. त्यांच्यापैकी एखाद्याची शस्त्रक्रिया झाली तर बऱ्या झालेल्या गृहस्थाने तेथे जावे, त्यांची पायपुसणी उचलावी, देव्हारा उंच करून द्यावा, आणि त्यांना संकोच वाटू लागला तर आपली गोष्ट सांगावी. वर कल्पिलेल्या मुख्याध्यापकाने हेच करावे. आठव्या रात्री जी हाक त्याने मारली नाही, ती दुसऱ्याने मारावी म्हणून त्याने आपला दूरध्वनी उशाशी ठेवून निजावे. घेण्याचा धर्म ज्याला कळला, त्याचा देण्याचा धर्म अशा रीतीने पूर्ण होतो.